'गरीब' या शब्दाचा मूळ अर्थ

मराठीत बसरा हे गाव आधी आले ते नथीतून. बसऱ्याच्या मोत्यांची नथ हा आपल्याकडच्या कित्येक घरांत आजीकडून नातीकडे गेलेला ऐवज. ती हातात घेणाऱ्या नातीला बसरा नकाशावर कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज कधी पडली नाही. नंतर ते आले पलटणीतून. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हिंदी फौजेने बसरा घेतले. पुढच्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी होत्या आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्सही होते. मी राहते त्या दापोडीतून मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी लागते आणि तिच्या पुढे खडकी. त्या काळानंतर बरीच वर्षे इराकात हिंदी रुपया चालत होता. १९३२ मध्ये दिनार आला तेव्हा तो थांबला. मोती आणि सैनिक यांच्यानंतर बसरा तिसऱ्यांदा मराठीत आले ते एका इंग्रजीच्या प्राध्यापकामुळे.

विलास सारंग (१९४२–२०१५) हे ते प्राध्यापक. जन्म कारवारचा, घडण मुंबईची, तौलनिक साहित्यातली डॉक्टरेट अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. हे विद्यापीठ तेव्हा कोवळे होते. त्याची सुरुवात १९६४ ची. १९७२ मध्ये इराकने तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, सरकारच्या हाती पैसा आला आणि विद्यापीठे झपाट्याने वाढू लागली. वाढत्या विद्यापीठांना जे मास्तर हवे होते, त्यांतले पुष्कळसे बाहेरून आणावे लागत. सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) ही कादंबरी या बसऱ्यातल्या वास्तव्यातून आली.

सारंगांविषयी आपण वर्गात बोलतो तेव्हा फळ्यावर ठरावीक शब्द लिहितो: अस्तित्ववाद, काफ्का, परात्मता, नवकथेनंतरची कथा. ते शब्द चुकीचे नाहीत. मीही ते लिहिते. पण त्या शब्दांच्या मागे एक साधी गोष्ट झाकली जाते. या लेखकाची भाकरी अशी होती की, स्वतः इंग्रज नसताना, इंग्रज नसलेल्या मुलांना, इंग्लंडपासून फार दूरच्या गावी इंग्रजी शिकवायचे. शिकवणारा मराठी, शिकणारे अरबी, आणि दोघांच्या मध्ये मेजावर ठेवलेली भाषा तिसऱ्याचीच. परात्मता या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मी अलीकडे काफ्काआधी हा वर्ग उभा करते. तो चटकन कळतो.

परदेशी येऊन इंग्रजी शिकवणारा शिक्षक आपल्याला नवा नाही. फक्त आपण त्याला दुसऱ्या बाजूने, बाकावर बसून पाहिले आहे. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेज झालेल्या संस्थेत, १८५७ च्या सुमारास एडविन अर्नोल्ड हा पंचविशीचा तरुण प्राचार्य म्हणून आला. काही वर्षे राहिला, संस्कृत शिकला, परत गेला आणि १८७९ मध्ये बुद्धचरित्रावरचे 'लाइट ऑफ एशिया' लिहून जगप्रसिद्ध झाला. त्याच्याआधी या संस्थेशी निगडित असलेले मेजर थॉमस कँडी तर मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले सहकारी. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परदेशी मास्तर आला आणि त्याने यजमानांच्या वाक्यात स्वल्पविराम ठेवला, इतकी त्याची पोच होती. त्याचे मराठीवरचे प्रेम खोटे होते असे मला म्हणायचे नाही. पण त्याच्या पाठीशी सरकार होते, शिकवायची भाषा त्याच्या आईची होती आणि त्याच्या उच्चाराला प्रमाणपत्र लागत नव्हते.

सारंगांच्या वाट्याला आलेली खुर्ची निराळी. तिच्यावर बसणारा करारावर येतो. त्याची भाषा त्याने शिकून मिळवलेली असते, आणि ती मिळवली आहे हे त्याला पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते. १९८५ मध्ये ब्रज काचरू यांनी जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळे आखली: आतले वर्तुळ इंग्लंड-अमेरिकेचे, बाहेरचे भारतासारख्या जुन्या वसाहतींचे, आणि तिसरे, विस्तारत जाणारे, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचे. काचरू स्वतः काश्मीरचे आणि शिकवायला अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात. या आकृतीत पाहिले तर बसऱ्याचा तो वर्ग म्हणजे दुसऱ्या वर्तुळातला माणूस तिसऱ्या वर्तुळातल्या मुलांना पहिल्या वर्तुळाची भाषा देतो आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या ग्रंथात एका समजुतीला भ्रम म्हटले: ज्याची ती मातृभाषा, तोच तिचा उत्तम शिक्षक. ग्रंथ गाजला, संदर्भसूचींत स्थिरावला, आणि भ्रम नोकरीच्या जाहिरातींत होता तिथेच राहिला. दक्षिण कोरियाने संभाषणाच्या इंग्रजी शिक्षकांसाठीचा व्हिसा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांपुरता राखून ठेवला होता. २०१० मध्ये अमलात आलेल्या व्यापारी करारानंतर भारतीयांसाठी दार किलकिले झाले, तेही सहायक शिक्षक म्हणून.

हे सारे मी पुस्तकातले म्हणून वाचत होते, त्याला दीड वर्षापूर्वी चेहरा मिळाला. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पदवीला तिचा मुख्य विषय इंग्रजी, पण मराठीचा ऐच्छिक पेपर तिने माझ्याकडे केला होता. घरची बोली उस्मानाबादकडची, वडील एस.टी.च्या दापोडीतल्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. एम.ए. इंग्रजी, नेट उत्तीर्ण, आणि सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी. सकाळी खडकी, दुपारी पिंपरी, संध्याकाळी भोसरी. ज्या दिवशी तास नाही त्या दिवशी पैसा नाही. परीक्षांच्या काळात नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही. आखातातल्या एका विद्यापीठात पायाभूत वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिची निवड झाली होती. दोन वर्षांचा करार, राहायची सोय, वर्षाकाठी एकदा येण्याजाण्याचे भाडे.

तिने मोबाइलवर अर्ज दाखवला. त्यात एक रकाना होता: इंग्रजी तुमची मातृभाषा आहे काय? होय किंवा नाही, एवढेच चौकोन. तिने 'नाही'वर खूण केली होती, आणि त्या खुणेसरशी ती खालच्या वेतनश्रेणीत गेली होती. तिच्याच हुद्द्यावर, पण 'होय'वर खूण करणाऱ्या पारपत्रधारकाला अधिक वेतन. हे तिला मुलाखतीतच सांगण्यात आले होते, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात काही विशेष सांगतो आहोत असा भाव नव्हता.

"मग जाऊ का मॅडम?"

मी तिला 'एन्कीच्या राज्यात' वाचायला दिली. मराठीच्या प्राध्यापिकेकडून दुसरे काय निघणार! तिने आठवड्यात वाचून परत आणली, आणि त्या संध्याकाळी आमचे बोलणे झाले ते मला अजून पुरते निस्तरता आलेले नाही.

शीर्षकातला एन्की हा सुमेरियन देव: गोड्या पाण्याचा, शहाणपणाचा, कारागिरीचा. एरिडू हे त्याचे नगर दक्षिण इराकातले. 'एन्मेर्कर आणि अरट्टाचा अधिपती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमेरियन काव्यात एक मंत्र येतो. साऱ्या माणसांची एकच भाषा, आणि तिच्यात एन्कीने केलेला बदल, हा त्याचा विषय. हा बदल होऊन गेला की पुढे व्हायचा आहे, म्हणजे देवाने भाषा फोडल्या की तो त्या जुळवणार आहे, यावर अभ्यासकांत वाद आहे. भाषेच्या मास्तराला याहून योग्य दैवत कुठले? तोही रोज वर्गात भाषा जोडतो आहे की तोडतो आहे, हे नक्की सांगता येत नाही.

आणि परकी भाषा शिकवण्याची जुनी शाळा जगात कुठे असेल तर ती याच प्रदेशात. इ.स.पू. २००० च्या सुमारास सुमेरियन भाषा रोजच्या बोलण्यातून गेली. लोक अक्कादी बोलू लागले. तरी लेखनिकांच्या शाळांतून सुमेरियन पुढे शतकानुशतके शिकवली गेली. मातीच्या पाटीच्या एका भागात गुरुजींची ओळ, दुसऱ्या भागात पोराने गिरवलेली. सुमेरियन शब्दासमोर अक्कादी शब्द लिहिलेल्या लांबच लांब याद्या. त्या शाळेचे वर्णन करणारी एक रचना उपलब्ध आहे. तिच्यातल्या विद्यार्थ्याला एका दिवसात नाना कारणांवरून छड्या बसतात, आणि त्यांतली एक सुमेरियन न बोलल्याबद्दल. मराठी शब्द तोंडातून निघाला म्हणून मुलांना दंड करणाऱ्या शाळा आपल्या गल्लीत निघाल्या तेव्हा आपण त्यांना नव्या काळाचे लक्षण समजलो होतो. ते लक्षण चार हजार वर्षांचे आहे. मजा म्हणजे त्या विद्यार्थ्याचा बाप मग गुरुजींना घरी बोलावतो, जेवू घालतो, नवे वस्त्र नेसवतो, बोटात अंगठी घालतो, आणि गुरुजी पोराचे तोंड भरून कौतुक करतात. पगारात भागत नव्हते, एवढे त्यावरून उघड आहे.

विद्यार्थिनीला हे सांगितल्यावर ती हसली. मग म्हणाली, "मॅडम, त्या गुरुजींना निदान कोणी जेवायला बोलावलं. माझं तर हजेरीपटावर नावच नाही. इथे तरी मी कुठे घरची आहे?"

तिच्या या प्रश्नाला आपल्या साहित्यात उत्तर नाही, पण सोबत आहे. भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील हा इंग्रजीचाच मास्तर. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतून तो महाराष्ट्रातल्याच गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवत, भाड्याच्या खोल्या बदलत हिंडतो. त्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. परके व्हायला त्याला एस.टी.चे तिकीट पुरते. दिलीप चित्रे साठच्या दशकाच्या आरंभी इथिओपियात शाळेत शिकवत होते. त्या काळी तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. सारंग बसऱ्याला आणि नंतर कुवेतला. मराठीतल्या आधुनिक लेखनाचा बराचसा भाग इंग्रजीच्या मास्तरांनी लिहिला, हे आपण अभ्यासक्रमात 'पाश्चात्त्य प्रभाव' या एका ओळीत गुंडाळतो. प्रभाव वगैरे ठीकच आहे. पण दिवसभर दुसऱ्याची भाषा विकून आलेला माणूस रात्री आपल्या भाषेशी कसा वागत असेल, याचा विचार त्या ओळीत मावत नाही.

इथे मला तिला एक शब्द दाखवायचा होता. 'गरीब' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो अरबी आहे हे लक्षातही येत नाही. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, जसे हिशेब, तारीख, वकील, हजर हे शब्द आले. अरबीत त्याचा अर्थ निर्धन असा नाही. अरबीत 'गरीब' म्हणजे परका; आपले गाव सोडून आलेला, अनोळखी. वाटेत कुठेतरी अर्थ सरकला. परगावी आलेला माणूस बहुधा नडलेलाच असतो, तेव्हा या सरकण्यात क्रूर असे तर्कशास्त्र आहे. मराठीने त्याला आणखी एक अर्थ जोडला: मवाळ, खाली मान घालणारा. 'स्वभावाने अगदी गरीब आहे हो', असे आपण म्हणतो, आणि गाईला तर हे विशेषण कायमचेच लागले आहे.

परका, निर्धन आणि मवाळ. कँडी आणि अर्नोल्ड हे पुण्यात फक्त पहिल्या अर्थाने गरीब होते. माझी विद्यार्थिनी स्वतःच्या गावात दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाने गरीब होती; पुढच्या वर्षी तास मिळावेत म्हणून तिने सहा वर्षांत विभागप्रमुखांसमोर एकदाही आवाज चढवला नव्हता. आता दुसऱ्या अर्थातून सुटण्यासाठी तिला पहिला अर्थ पत्करायचा होता. तिसरा तिच्याबरोबर विमानात बसणार, कारण दोन वर्षांनी नूतनीकरण व्हावे अशी इच्छा असणारा मास्तर तिथेही मान खालीच घालतो.

बद्र शाकिर अस्-सय्याब हा आधुनिक अरबी कवितेचा एक प्रवर्तक बसऱ्याजवळच्या जैकूर या खेड्यात १९२६ मध्ये जन्मला. बगदादला त्याने इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, एलियटच्या कवितेने तो झपाटला गेला, काही काळ शाळेत इंग्रजीचा शिक्षकही होता. आपल्या मर्ढेकरांची आठवण व्हावी असाच हा आलेख. तेही काही काळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. मर्ढेकर सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, सय्याब अडतिसाव्या. राजकीय कारणांनी देश सोडून तो १९५३ मध्ये कुवेतला होता, तेव्हा त्याने एक कविता लिहिली. तिच्या शीर्षकात हाच शब्द आहे: 'गरीब अलल-खलीज', आखाताकाठचा परका. त्या कवितेतला माणूस पाण्याच्या कडेला बसून आपल्या देशाच्या दिशेने पाहतो आणि परतीच्या भाड्यासाठी नाणी मोजतो. शीर्षक अरबी वाचकाने वाचले तर परका, मराठी वाचकाने वाचले तर निर्धन. आणि कवितेतला माणूस दोन्ही आहे. त्याच्या पुतळ्याची जागा बसऱ्यात शत्त-अल्-अरबच्या काठी. म्हणजे सारंग त्या गावात इंग्रजी शिकवायला पोचले तेव्हा एलियट तिथे आधीच पोचलेला होता, आणि अरबी बोलू लागला होता.

यातून मी तिला सांगितले ते एवढेच. सारंग बसऱ्यात परके होते. पण मराठीत ते कोणत्याही अर्थाने गरीब नव्हते. त्यांचे मराठी गद्य कोणाची मर्जी राखत नाही. ते खरखरीत आहे, कधी मुद्दाम निर्विकार आहे, पुष्कळांना ते आवडतही नाही. पण ते मान खाली घालत नाही. पुढे त्यांनी आपल्या कथा ब्रिऑन मिचेल यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या. 'द फेअर ट्री ऑफ द व्हॉइड' (१९९०) हे ते पुस्तक. इंग्रजीत ते गेले ते असे, हातात स्वतःचे काही घेऊन. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला इंग्रजी चांगली हवी हे खरेच. पण मान ताठ राहायची तर तिच्याबाहेर एक भाषा हवी, जिच्यात त्याला कोणी 'होय' किंवा 'नाही'चा चौकोन भरायला सांगत नाही.

तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मॅडम, सारंग लेखक होते. मी लेखक नाही. मला फक्त नोकरी हवी आहे."

हे वाक्य मी तेव्हापासून बाळगते आहे. साहित्याच्या शिक्षकांची ही जुनी सवय: कुणी पगाराविषयी विचारले की आपण त्याच्या हातात कादंबरी देतो. कादंबरीने तिचे भाडे भरले जाणार नव्हते, आणि भाषेत ताठ राहण्याची चैन ज्याच्या नावावर दोन डॉक्टरेट नाहीत त्याला कितपत परवडते, हा तिचा प्रश्न रास्त होता. तरी मला वाटते, लेखक असणे ही त्यातली अट नाही. भाषा ताठ राहायला पुस्तक छापावे लागत नाही. घरी फोनवर उस्मानाबादकडच्या बोलीत मनसोक्त भांडता आले तरी पुष्कळ आहे.

ती गेली. तिथून तिचे निरोप येतात ते मराठीत, आणि पूर्वीपेक्षा लांब. पहिल्या महिन्यात वर्गाबाहेर दोन मुलींच्या बोलण्यात तिने 'गरीब' हा शब्द ऐकला आणि तो आपल्याविषयीच असणार असे तिला वाटले. तो एका नव्या फोनच्या रंगाविषयी होता. विचित्र या अर्थानेही तो तिकडे चालतो. तिने मग फळ्यावर मराठीतले अरबी शब्द लिहून मुलांना ओळखायला लावले. वीस मिनिटे वर्गात इंग्रजी कोणीच बोलले नाही, आणि तो तिचा तिथला पहिला चांगला तास झाला, असे तिने लिहिले होते. वेतनश्रेणी मात्र तीच आहे. शेजारच्या खोलीतला आयर्लंडचा तरुण तिच्याकडून व्याकरण समजावून घेतो आणि तिच्याहून जास्त पगार घेतो. माणूस चांगला आहे, असेही तिने कळवले आहे.

इकडे तिचे सकाळचे तास रिकामे राहिले नाहीत. जूनपासून सोलापूरकडची एक मुलगी तासिका तत्त्वावर आली आहे. घरी तेलुगू बोलतात, शिक्षण मराठीतून, एम.ए. इंग्रजीत. सध्या ती दापोडीत खोली शोधते आहे. दोन ठिकाणी अनामत रक्कम जास्त सांगितली, एका ठिकाणी घरमालकाने नोकरी कायम आहे का असे विचारले. रेल्वे स्थानकाच्या बाजूला एक खोली आहे असे मी ऐकून आहे. रविवारी तिच्याबरोबर जाऊन पाहून येणार आहे.